जावयासमोरचं शून्य

खुब्यातला स्क्रू हाडातून बाहेर आलेला असताना माझ्या सासूबाई एकोणीस दिवस चालल्या. रोज सकाळी आठला. आधी पन्नास पावलं, मग शंभर, आणि शेवटी चार पायऱ्यांचा लाकडी जिना. त्या जिन्याचा व्हिडिओ मी स्वतः काढला होता आणि केंद्रात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर दाखवत होतो.

मी धैर्यशील खराडे. नाव आईवडिलांनी हौसेनं ठेवलं, त्याला माझा इलाज नाही. मिरजेबाहेर म्हैसाळ रस्त्याला 'उभारी' नावाचं शुश्रूषा आणि पुनर्वसन केंद्र आहे, चौसष्ट खाटांचं. पक्षाघात झालेली, हाडं मोडलेली, दुखण्यानं घरी झेपेनाशी झालेली म्हातारी माणसं इथं येतात. काही चालत घरी जातात, काही इथंच राहतात. मी इथला गुणवत्ता अधिकारी, म्हणजे सेवा नीट मिळते की नाही ते बघणारा. डॉक्टर नाही, इंजिनिअर आहे, आणि माझा माणसांपेक्षा आकड्यांवर जास्त विश्वास होता हे आधीच सांगून टाकतो.

तो विश्वास टिकलीमुळं वाढला. टिकली म्हणजे कानामागं चिकटवायची एक चकती. तिचं खरं नाव लांबलचक आहे, पण आकार टिकलीएवढा म्हणून केंद्रातल्या मावश्यांनी हे नाव पाडलं आणि तेच राहिलं. दुखलं की माणूस गप्प बसेल, शरीर बसत नाही. कातडीला बारीक घाम सुटतो, हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर बदलतं, मज्जातंतूंमधून विजेच्या सूक्ष्म लहरी उठतात. टिकली हे सगळं सेकंदाला शंभर वेळा टिपते आणि त्याची एकच रेघ काढते. रेघ उंच गेली की दुखणं जास्त.

अडचण एवढीच की माझी उंच रेघ आणि तुमची उंच रेघ सारखी नसते. कुणाचं शरीर मुळात आरडाओरडा करणारं, कुणाचं घुमं. म्हणून प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी बनवावी लागते. ती पहिल्या दिवशी एकदाच बनते, आम्ही तिला जुळणी म्हणतो. रुग्णाचा हात मिनिटभर बर्फाच्या पाण्यात ठेवायचा, मग बोटाचं नख चिमट्यात दाबायचं, मग दुखरा अवयव हलवायचा, आणि दर वेळी विचारायचं, शून्य ते दहा, किती दुखतंय? रुग्ण सांगेल तो आकडा त्या रेघेला कायमचा चिकटतो. पुढं त्याची वाचा गेली, भान गेलं, तरी टिकली आकडा सांगत राहते. खाटेवरच्या बोर्डावर तो दिसतो. तीनपर्यंत हिरवा, सहापर्यंत पिवळा, त्याच्या वर लाल. याचं नाव वेदनांक.

टिकली बनवणाऱ्यांनी तिला एक गोष्ट पक्की शिकवली होती. रुग्णाचा शब्द शेवटचा. डॉक्टर लोक कितीतरी पिढ्या बायकांचं दुखणं 'मनाचे खेळ' म्हणून झटकत आले, निदान यंत्रानं तरी झटकू नये. बाई आठ म्हणाली तर आठ. बाई शून्य म्हणाली तर काय, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नाही.

आणि त्या आकड्यावर आमचं सगळं केंद्र चालायचं. आकडा कमी असला की वेदनाशामक गोळी कमी, व्यायाम जास्त, कूस बदलायच्या फेऱ्या कमी. आकडा चारच्या वर गेला तरच जादा एक्स-रे. दोन वर्षांत औषधं निम्म्यावर आली, माणसं लवकर चालू लागली. राज्यभरातून लोक बघायला येऊ लागले, आणि मी त्यांना भिंतीवरचा मोठा बोर्ड दाखवायचो. चौसष्टपैकी पन्नास-पंचावन्न चौकोन कायम हिरवे.

सासूबाई म्हणजे शालनबाई जगदाळे, वय सत्त्याहत्तर. तासगावजवळच्या खेड्यात एकट्या राहायच्या. न्हाणीत पाय घसरून खुबा मोडला. मिरजेत ऑपरेशन होऊन हाडात सळई आणि स्क्रू बसला, आणि पुढच्या व्यायामासाठी मी त्यांना 'उभारी'त आणायचं ठरवलं. त्या तयार नव्हत्या.

"लेकीच्या दारात चार दिसाच्या वर ऱ्हाऊ न्हाई," त्या माझ्या बायकोला, स्वप्नालीला म्हणाल्या. माझ्याशी थेट बोलायची त्यांना सवय नाही.

मी हसून म्हटलं, "आई, हे लेकीचं घर कुठंय? केंद्र आहे."

"जावयाचं हाय की," त्या भिंतीकडं बघत म्हणाल्या. मी ते कौतुक समजलो.

पाचव्या आठवड्यात शहनाज मावशी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. वीस वर्षं रुग्ण उचलण्यात घालवलेली बाई. सकाळी सासूबाईंना चालवायचं काम तिच्याकडं होतं. तिनं बाही वर केली. मनगटावर चार निळे डाग होते, एका शेजारी एक.

"शालनआजी चालताना हात धरतात माझा," ती म्हणाली. "तोंड हसरं असतंय, आणि हात असा आवळतात बघा, साहेब."

"वेदनांक किती असतो तेव्हा?"

"दोन."

"मग?"

"मग काय, साहेब. बोर्डावर दोन, आणि माझा हात असा."

मी तिला समजावलं की पडल्यापासून म्हाताऱ्या माणसाच्या मनात भीती बसते, भीतीनं माणूस घट्ट धरतं.

"भीतीचा हात मला कळतो की. भीती असली की माणूस अंगावर लोंबतंय. ह्या तशा न्हाईत. दाताखाली काहीतरी धरल्यागत धरतात."

"रोजच्या अहवालात लिहिलंस का?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मग मला आठवलं. अहवालात पूर्वी 'कर्मचाऱ्याचं मत' असा एक रकाना होता. प्रत्येक मावशी वेगळंच लिहायची, एकीच्या मताचा दुसरीशी मेळ नसायचा, म्हणून तो मीच काढून टाकला होता. त्याबद्दल मला एका परिषदेत टाळ्याही मिळाल्या होत्या.

"बरं, साहेब," म्हणून तिनं बाही खाली केली आणि ती कामाला गेली.

दुसऱ्या दिवशी आठला मी नेहमीसारखा चालण्याच्या हॉलमध्ये गेलो. मी रोज जायचो. आपला जावई साहेब आहे आणि रोज जातीनं बघायला येतो, याचा त्यांना आनंद होत असणार असं मला वाटायचं. मला बघताच त्यांनी पदर सारखा केला, पाठ ताठ केली आणि त्या जिना चढल्या. बोर्डावर दोन.

ऑपरेशनला सहा आठवडे झाले की ठरलेला एक्स-रे असतो. तो शुक्रवारी दुपारी झाला. आमच्याकडं हाडांचे डॉक्टर हुद्दार आठवड्यातून एकदा येतात. त्यांनी मला आत बोलावलं.

"या इथं कशा आल्या?"

"वॉकर घेऊन. चालत."

"तसं नाही विचारत मी," ते म्हणाले, आणि पडद्यावरच्या पांढऱ्या सळईवर त्यांनी पेन ठेवलं. "हा स्क्रू हाडाच्या गोळ्यात असायला हवा. तो गोळा भेदून बाहेर आलाय. टोक समोरच्या वाटीत घासतंय. एक पाऊल टाकलं की एकदा. वेदनांक काय होता यांचा?"

"दोन."

"हे दोन असेल तर दहा म्हणजे काय, ते मला माहीत नाही."

सासूबाई टेबलावर आडव्या होत्या. मला बघून त्यांनी उशीवरूनच पदर कपाळापर्यंत ओढला.

"आई," मी म्हटलं, "दुखत होतं का?"

"वयानं व्हतंच की थोडं," त्या छताकडं बघत म्हणाल्या.

टिकलीच्या साठ्यातली रेघ काढली तेव्हा दिवसही सापडला. एकोणीस दिवसांपूर्वी, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर रेघ कड्यासारखी सरळ वर गेली होती आणि पुढं रोज जात होती. म्हणजे यंत्राला दिसत होतं. दिसूनही ते दोन म्हणत होतं, कारण त्याला तसं शिकवलं गेलं होतं. मी व्हिडिओ काढला होता तो त्याच सकाळचा.

त्यांना पुन्हा मिरजेतल्या रुग्णालयात हलवलं. सोमवारी सांधाच बदलायचा ठरला. स्वप्नाली तासगावच्या शाळेतून तशीच धावत आली. आईला खाटेवर नीट झोपवून ती माझ्याबरोबर व्हरांड्यात आली. मी तिला सगळं सांगितलं. स्क्रू, रेघ, जुळणी. तिनं एकच विचारलं.

"जुळणी कुणी केली?"

"मीच. घरचं माणूस म्हणून मुद्दाम मी बसलो."

मग ती अगदी हळू आवाजात बोलली, आणि त्या आवाजाची मला भीती वाटली.

"लग्नाला बावीस वर्षं झाली. आईला कधी जेवताना बघितलंय तुम्ही?"

मी आठवू लागलो.

"नाही बघितलं. कारण तुमच्यासमोर ती जेवत नाही. तुमच्यासमोर पाय पसरून बसत नाही, अजून. तुम्ही दारात आला की खाटेवरनं उठून उभी राहते. आणि तुम्ही तिला विचारलंत, किती दुखतंय?"

ती आत गेली. मला आत यायला तिनं सांगितलं नाही, आणि माझीही हिंमत झाली नाही.

मी 'उभारी'त परत आलो आणि जुळणीचं चित्रण उघडलं. प्रत्येक जुळणी आम्ही नोंदवून ठेवतो. पडद्यावर मी दिसलो, हसऱ्या चेहऱ्याचा, हातात टॅबलेट. समोर सासूबाई, तांब्याएवढ्या भांड्यात बर्फाचं पाणी, त्यात त्यांचा हात. चाळीस सेकंद झाले होते. बोटं लाल झाली होती. पडद्यावरच बाजूच्या छोट्या खिडकीत टिकलीची रेघ वर वर चालली होती.

"आई, शून्य ते दहा, किती?" पडद्यावरचा मी विचारत होतो.

त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही च्या घेतला का?"

"घेतला, घेतला. आकडा सांगा."

"काय न्हाई हो. बरं हाय."

आणि पडद्यावरच्या मी हसून टॅबलेटवर शून्य दाबलं.

नख दाबलं, शून्य. मग ऑपरेशन होऊन जेमतेम आठवडा झालेला पाय गुडघ्यात वाकवला. रेघ खिडकीच्या वरच्या कडेला लागली. सासूबाईंच्या ओठांवर पांढरी रेषा उमटली. मी विचारलं. त्या म्हणाल्या, "किती म्हटलं म्हंजे तुम्हास्नी बरं?" मी म्हटलं, "आई, खरं सांगा, एक? दोन?" त्या म्हणाल्या, "एक लिवा."

मी ते चित्रण तीनदा बघितलं. जावई म्हणजे दशमग्रह असं आम्ही थट्टेनं म्हणतो. त्या थट्टेत इतकं तथ्य असेल असं मला खरंच वाटलं नव्हतं.

एवढ्यावर थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण जुळणीच्या वेळी घरचं माणूस समोर असावं, रुग्णाला धीर येतो, हा नियमही माझाच होता. मी दुसरं चित्रण उघडलं. मग तिसरं. निवृत्त हेडमास्तर, समोर सून. "शून्य." कवठेमहांकाळच्या एक आजी, समोर परदेशातून चार दिवसांसाठी आलेला मुलगा. "मला काही होत नाही, तू सुखानं जा." एक फौजी आजोबा, समोर नातू. त्यांनी तर प्रश्न पुरा व्हायच्या आत शून्य म्हटलं. सगळ्यांच्या बाजूला ती खिडकी, आणि खिडकीत ती रेघ.

रात्रीपर्यंत मी बावन्न चित्रणं बघितली. मग त्रेपन्नावं उघडलं. ते लीलाताई कुंभोजकरांचं होतं, अकरा नंबरची खाट. यकृताचा कर्करोग, एप्रिलमध्ये गेल्या. त्यांचा वेदनांक शेवटपर्यंत एक होता, म्हणून त्यांना जोरकस वेदनाशामक कधी सुरूच झालं नाही. त्यांच्या मुलाला, अजितना, मी स्वतः पत्र लिहिलं होतं की आपल्या मातोश्री अखेरपर्यंत वेदनामुक्त होत्या. ते पत्र चौकटीत बसवून आईच्या फोटोखाली लावलंय, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं होतं.

चित्रणात लीलाताई आणि समोर अजित. हात बर्फात. रेघ छताला. "काही नाही," लीलाताई म्हणाल्या. मी ते चित्रण शेवटपर्यंत बघितलं.

केंद्राच्या संचालक डॉ. पाटकर मॅडम अजून केबिनमध्ये होत्या. सोमवारी मानांकन समिती येणार होती, पाचवा तारा मिळायचा होता, त्याची तयारी चालू होती. मी सगळं सांगितलं. त्या बाई वाईट नाहीत. त्यांनीही डोळे मिटून घेतले.

"तुमच्या घरचं झालंय म्हणून तुम्ही हादरलाय," त्या म्हणाल्या. "बरोबरच आहे. समिती जाऊ दे. मंगळवारपासून एकेकाची जुळणी पुन्हा करू. शांतपणे."

"मॅडम, उद्या सकाळी आठला सगळ्यांना चालवणार आहेत."

"तीन दिवसांनी काय फरक पडतो, खराडे?"

"एकोणीस दिवस असेच गेले."

सगळे व्यायाम एकदम थांबवायचा अधिकार गुणवत्ता अधिकाऱ्याला असतो. साथ आली, आग लागली, तर वापरायचा. मी त्यांच्यासमोरच टॅबलेटवर अंगठा ठेवला. बाहेरच्या मोठ्या बोर्डावर 'व्यायाम स्थगित' अशी पट्टी आली. मॅडम उठून खिडकीशी गेल्या आणि त्यांनी मला जायला सांगितलं.

मी शहनाज मावशीला गाठलं. म्हणालो, "तुझं बरोबर होतं. मी ऐकलं नाही."

"साहेब, सोन्याची सुरी झाली म्हणून कुणी पोटात खुपसून घेतंय का," ती म्हणाली. रागानं नाही. "यंत्र चांगलंच हाय. त्याला विचारायचं कसं ते शिकवलं न्हाई कुणी."

"कसं विचारायचं?"

"तोंडाला विचारूच नका. हाताला विचारा."

व्यायामाच्या खोलीत हाताच्या पकडीचा जोर मोजायचं यंत्र पडलेलं असतं, मूठ आवळली की काटा फिरतो. तिची कल्पना साधी होती. आधी रुग्णाला पूर्ण ताकदीनं मूठ आवळायला लावायची, ते झाले दहा. मग बर्फ, मग नख, मग दुखरा पाय, आणि सांगायचं एवढंच की जेवढं दुखेल तेवढं आवळा. बोलायचं काहीच नाही. खोलीत एक मावशी आणि रुग्ण. घरचं माणूस नाही, डॉक्टर नाही, साहेब नाही. पडदा लावलेला.

शनिवारी सकाळी आठला मावश्यांनी सुरुवात केली. मी मोठ्या बोर्डासमोर उभा राहिलो. मला तेवढंच काम होतं. हेडमास्तरांचा चौकोन पहिल्यांदा बदलला. हिरवा एक होता, तो आठ झाला. मावशीनं त्यांना कुशीवर वळवलं तेव्हा माकडहाडावर हाताच्या तळव्याएवढी शय्याजखम होती. आकडा कमी म्हणून त्यांची कूस बदलायच्या फेऱ्या मीच कमी केल्या होत्या. मग फौजी आजोबा, सात. मग परदेशातल्या मुलाची आई, नऊ. एकेक चौकोन पिवळा होत होता, लाल होत होता. मी मनातल्या मनात म्हणत होतो, आता थांबेल, आता एखादा तरी हिरवा राहील. रविवारी संध्याकाळी भरलेल्या एकसष्ट खाटांपैकी एकोणीस हिरव्या उरल्या होत्या.

त्यात कुणाचंही दुखणं नवं नव्हतं. ते सगळं तिथंच होतं, माझ्या बोर्डाच्या मागं, दोन वर्षं.

सोमवारी समिती आली आणि बोर्ड बघून अवाक झाली. आमचा पाचवा तारा गेलाच, होते त्यातले दोनही गेले. काही घरच्यांनी आपली माणसं हलवली. मी दिलेला राजीनामा पाटकर मॅडमनी फाडला आणि पुढं महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

अजित कुंभोजकरांना फोन करायला मला पाच दिवस लागले. त्यांना न सांगणंही शक्य होतं, आणि पत्र चौकटीत तसंच राहिलं असतं. मी सांगितलं.

"मी समोर बसलो होतो म्हणून?" त्यांनी विचारलं.

"मीच बसवलं होतं तुम्हाला."

"त्या दिवशी बर्फात हात असताना," ते म्हणाले, "आई मला विचारत होती, जेवलास का. मला वाटलं, बरी आहे."

त्यांनी फोन ठेवला. नंतर मी दोनदा केला, उचलला नाही.

सासूबाईंचं ऑपरेशन नीट झालं. तीन आठवड्यांनी त्या 'उभारी'त परत आल्या. दुसरीकडं नेऊ असं मी म्हणालो होतो, पण शहनाज असेल तिथंच राहायचं असं त्यांनीच स्वप्नालीला सांगितलं. नवी जुळणी पडद्याआड मुठीनं झाली. मी त्या दिवशी मुद्दाम सांगलीला गेलो होतो.

दोन दिवसांनी मी त्यांना भेटायला गेलो. जाताना मावश्यांच्या टेबलावरच्या बोर्डाकडं नजर टाकली. तीन. माझ्या जिवाला बरं वाटलं. दहा मिनिटं त्यांच्याजवळ बसलो, चारदोन शब्द बोललो, बाहेर आलो. शहनाज टेबलाशी बसली होती आणि बोर्डाकडं बघत होती. सात.

"आत काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाई, साहेब."

"शहनाज."

तिनं बोट खालच्या आलेखावर फिरवलं. दुपारभर रेघ तीनवर सपाट होती. मी पडदा बाजूला केला त्या मिनिटाला ती उभी चढली होती. मी बसलो तेवढा वेळ सातावर होती. मी उठल्यावर हळूहळू उतरत होती. आदल्या दिवशी स्वप्नाली येऊन गेली तेव्हा रेघ हललीही नव्हती.

"तुम्ही दिसला की त्या उठून बसतात," ती म्हणाली. "पाय जवळ घेतात. पाय जवळ घ्यायचा न्हाई अजून, नवा सांधा हाय. मी सांगितलं. म्हणतात, जावयासमोर पाय लांब करून कसं पडायचं."

स्क्रू बाहेर आल्याचं कळलं तेव्हासुद्धा मला एवढा धक्का बसला नव्हता. एकोणीस दिवस रोज सकाळी आठला मी हॉलमध्ये जात होतो. मी गेलो नसतो तर कदाचित त्या दुसऱ्या पायरीवर थांबल्या असत्या. खाली बसल्या असत्या. ओरडल्या असत्या. सगळ्या केंद्राला ऐकू गेलं असतं.

त्यानंतर मी आत गेलो नाही. स्वप्नालीला सांगितलं. ती म्हणाली, "तिला वाटेल, जावई रुसले." तेही खरं होतं. दोन दिवसांनी शहनाजनं निरोप आणलाच, "शालनआजी विचारत हुत्या, जावईबापूंचं काय चुकलं आमच्याकडनं."

मग मी एक स्टूल घेतलं आणि त्यांच्या खाटेच्या पडद्याला लागून, बाहेर ठेवलं आणि आतल्या बाजूला पाठ करून बसलो. दुपारी चारला चहाचे दोन कप आले, एक आत गेला, एक मी घेतला.

"आई, मी बाहेर बसलोय," मी म्हटलं. "आत येत नाही. मी तुम्हाला दिसत नाही आणि तुम्ही मला दिसत नाही. पडून राहा."

आतून बशीत चहा ओतल्याचा आवाज आला, आणि भुरका. बावीस वर्षांत मी त्यांना काही पिताना पहिल्यांदा ऐकत होतो.

असे आठ दिवस गेले. त्या द्राक्षांचं बोलल्या, यंदा छाटणी कुणी केली ते विचारलं. शेजारणीच्या म्हशीचं बोलल्या. स्वप्नाली लहानपणी किती हट्टी होती ते सांगून, पडद्याआड स्वतःशीच हसल्या. मी हो हो म्हणायचो. पायाचं मी काढलं नाही, त्यांनीही काढलं नाही.

नवव्या दिवशी चहा झाला, कप आत ठेवल्याचा आवाज झाला, आणि त्या गप्प बसल्या. मला वाटलं, डोळा लागला. मी स्टुलावरून उठणार, तेवढ्यात आतून हाक आली.

"जावईबापू, हाईसा न्हवं?"

"आहे, आई."

"आज लई ठणकतंय बघा," त्या म्हणाल्या. "सोसंना झालंय."

"बरं, आई," मी म्हटलं, आणि शहनाज मावशीला हाक मारायला गेलो.